आपल्या शेजारचे अण्णाभाऊ

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. लेख एखाद्या थोर व्यक्तीवर असावा, आणि त्या व्यक्तीचा आपल्या रौप्यमहोत्सवाशी काहीतरी संबंध असावा. मला फार विचार करावा लागला नाही. आपल्या गेटमधून बाहेर पडून रिक्षा केली, तर ट्रॅफिक नसेल तेव्हा दहा मिनिटांत चिरागनगर येतं. तिथल्या एका झोपडीत लोकशाहीर अण्णाभाऊ साठे जवळजवळ २२ वर्षं राहिले. तिथेच त्यांनी आपलं बहुतेक सगळं लिखाण केलं. म्हणजे नात्याने नसले तरी पत्त्याने ते आपले शेजारीच.

मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. अण्णाभाऊंची जयंती १ ऑगस्टला, त्याच दिवशी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. त्यामुळे शाळेत दोन्ही तसबिरी एका टेबलावर ठेवून हार घालायचो. मुलं पाठ केलेली भाषणं म्हणायची, टाळ्या व्हायच्या, दुसऱ्या तासाला सगळं संपायचं. जयंतीच्या भाषणात न येणारे अण्णाभाऊ मला इथे सांगायचे आहेत. ते कुठे कुठे राहिले, कुणाच्या शेजारी राहिले आणि त्या शेजाऱ्यांचं त्यांनी काय केलं, एवढंच.

वाटेगाव ते भायखळा

त्यांचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. आईचं नाव वालुबाई. घर मांगवाड्यात, म्हणजे गावात असून गावाबाहेर. इंग्रज सरकारने मांग समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता. कुठे काही चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर, आणि पुरुषांना रोजची हजेरी. आपण राहतो ते घर आणि ती वस्ती हाच आपला गुन्हा ठरतो, हे त्या मुलाने जन्मापासून पाहिलं.

शाळा त्यांनी फक्त दीड दिवस पाहिली असं सांगतात. मास्तरांच्या छडीने ती संपली. पण गावात पोवाडे होते, तमाशा होता, जात्यावरच्या ओव्या होत्या, रात्री वाड्यात बसून सांगितलेल्या पराक्रमाच्या गोष्टी होत्या. त्यातली एक गोष्ट त्यांच्याच नात्यातल्या फकिराची. ती पुढे महाराष्ट्रभर गेली, तिच्याकडे नंतर येते.

वडील भाऊराव मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करायचे. गावाकडे पोट भरेना, तेव्हा १९३१-३२ च्या सुमारास सगळं कुटुंब मुंबईला निघालं, आणि निघालं ते पायी. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. आज आपण एक्स्प्रेस-वेने पाच-सहा तासांत गावी जातो आणि खालापूरच्या टोलनाक्यावर अर्धा तास थांबावं लागलं तरी वैतागतो. हे लोक वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल तिथे मुक्काम करत आले. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील.

मुंबईतला पहिला पत्ता भायखळ्याचा, चांदबीबीची चाळ. इथे आल्यावर त्यांनी कोणती कामं केली याची यादी मोठी आहे. हमाली केली, बूटपॉलिश केलं, कोळसे वेचले, फेरी केली, लोकांची कुत्री सांभाळली, गिरणीत काम केलं. शहरात नव्याने आलेल्या माणसाला कामाची निवड नसते, जे मिळेल ते त्याचं काम. आपल्या बिल्डिंगमधल्या जुन्या माणसांना विचारा, कुणाची यादी याहून फार वेगळी निघणार नाही.

वाचायलाही ते इथेच शिकले. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हेच त्यांचं पहिलीचं पुस्तक. मी वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मग मी त्यांना शाळेपासून घरापर्यंतच्या सगळ्या पाट्या वहीत उतरवून आणायला सांगायची. दुसऱ्या दिवशी वही भरलेली असायची, आणि अण्णाभाऊ शिकले कसे हे वेगळं सांगावं लागायचं नाही.

चाळ, कॅम्प आणि डास

त्या काळची चाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची खोली, समोर लांब गॅलरी, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास. गिरणगावात एकेका खोलीत आठ-दहा पुरुष राहायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायकामुलं गावाला. माझे वडील अशाच एका गाळ्यात लग्नाआधी सात वर्षं राहिले होते. खोलीत झोपायला जागा नसायची, त्यामुळे माणसं गॅलरीत आणि जिन्यावर बसायची. बसली की गावाच्या गोष्टी निघायच्या, भजन व्हायचं, कुणी पोवाडा म्हणायचं, कुणी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं. जागेच्या टंचाईतून ही बैठक तयार झाली, आणि अण्णाभाऊंसारखा शाहीर तिच्यातूनच वर आला.

मधल्या काळात ते गावी परतले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात राहिले. तिथे त्यांचा आवाज, वाद्यांवरचा हात आणि समोरच्या माणसांना धरून ठेवण्याची हातोटी तयार झाली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे वारे त्या भागात होते, त्याचाही परिणाम झाला. मग पुन्हा मुंबई.

यानंतरचा महत्त्वाचा पत्ता माटुंगा लेबर कॅम्पचा. धारावीला लागून असलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. इथे त्यांची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी पडली. सभा, संप, युनियन हे सगळं जवळून पाहायला मिळालं. याच वस्तीत त्यांनी अगदी सुरुवातीला जी रचना केली, ती कशावर होती माहीत आहे? डासांवर! मच्छरांवरचा पोवाडा.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पोवाडा म्हणजे शिवाजी महाराजांचा, तानाजीचा, लढाईचा. तो बांधायचा तर विषय मोठा हवा, अशी आपली समजूत. लेबर कॅम्पमधल्या या तरुणाने पाहिलं की आपल्या वस्तीतली रोजची लढाई डासांशी आहे. तुंबलेली गटारं, साचलेलं पाणी, रात्रभर झोप नाही आणि सकाळी कामावर हजर व्हायचं. मग त्याने त्याच लढाईचा पोवाडा केला. ऐकणारे हसले असतील, पण आपल्या गटाराबद्दलही मोठ्याने बोलता येतं, तेही डफावर थाप मारून, हे त्यांना त्या दिवशी कळलं असेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण ड्रेनेजचा विषय काढतो तेव्हा मला हा पोवाडा आठवतो.

शहराची गोष्ट शहरालाच सांगितली

१९३९ मध्ये त्यांनी स्पेनच्या लढ्यावर पोवाडा केला, पुढे स्टालिनग्राडच्या लढाईवर केला. लेबर कॅम्पमध्ये राहणारा, शाळा न शिकलेला माणूस हजारो मैलांवरच्या शहराचं वर्णन करत होता, आणि ते ऐकायला मैदानात गर्दी होत होती. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी, जिथे गिरणी कामगार तिथे कलापथक.

तमाशाचं रूप त्यांनी बदललं. जुन्या तमाशात आधी गण, मग गौळण. अण्णाभाऊंनी गौळण काढून टाकली आणि गणात देवाऐवजी भूमीला आणि राबणाऱ्या माणसाला वंदन केलं. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' अशी त्यांची वगनाट्यं गाजली. स्वातंत्र्यानंतर सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पुढे याच प्रकाराला लोकनाट्य म्हणू लागले आणि तो सगळीकडे रुजला.

'मुंबईची लावणी' या त्यांच्या रचनेत त्यांनी या शहराचे दोन भाग समोरासमोर ठेवले. एकीकडे मलबार हिलचं वैभव, दुसरीकडे परळचा मजूर. लावणी म्हटलं की शृंगार, पण इथे शहरच नायिका झालं, आणि तिचे दागिने नेमके कुणाच्या घामाचे हे विचारलं गेलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी लिहिलेली 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तर घराघरांत पोचली. आजही कुणाच्या हळदीत एखादे काका ती म्हणतातच. ती रचना चळवळीचं गाणं होण्याआधी प्रत्येक मुंबईकर कामगाराची स्वतःची कहाणी आहे. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, गावाला राहिलेली बायको. खोली नाही म्हणून तिला आणता येत नाही. अण्णाभाऊंनी हीच ताटातूट पुढे नेऊन बेळगाव-कारवारच्या ताटातुटीला जोडली. राज्याच्या नकाशाचा प्रश्न त्यांनी दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या दुःखातून समजावला. माझ्या आईने लग्नानंतरची पाच वर्षं गावी काढली. छक्कड लागली की ती काम थांबवायची. तिला त्यातलं राजकारण किती समजत होतं ठाऊक नाही, पण मैना कोण हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच दिवसांतलं त्यांचं लोकनाट्य 'माझी मुंबई'. मुंबई कुणाची, पैसा गुंतवणाऱ्याची की राबणाऱ्याची, हा त्याचा विषय. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई नकाशावर तर आपली झाली. पण ज्यांनी त्यासाठी रात्री जागवल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना या मुंबईत स्वतःची चार भिंतींची जागा नव्हती. खुद्द अण्णाभाऊंना नव्हती.

चिरागनगर

आता आपल्या घाटकोपरला येऊ. चिरागनगरची झोपडी म्हणजे काय, हे आपल्यातल्या पंचावन्न वर्षांवरच्या सभासदांना सांगायची गरज नाही. पत्रे, फळ्या, गोणपाट. पावसाळ्यात वरून गळतं आणि खालून पाणी शिरतं. पाण्याची रांग, संडासाची रांग, रॉकेलची रांग. अशा वस्तीत बसून एक माणूस लिहित होता. तिसाहून जास्त कादंबऱ्या, शिवाय कथासंग्रह, वगनाट्यं, पोवाडे, प्रवासवर्णन.

'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. वाटेगावच्या वाड्यात ऐकलेली गोष्ट इथे कादंबरी झाली. फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटतो, इंग्रजांशी झुंजतो. शेवटी सरकार त्याला पकडू शकत नाही म्हणून त्याच्या लोकांना, बायकामुलांसकट, कोंडून ठेवतं. मग त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. तलवारीच्या जोरावर न हरलेला माणूस आपल्या माणसांसाठी हार पत्करतो.

त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' ही नावं तुम्ही ऐकली असतील. पुस्तकं परदेशी भाषांत गेली. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. विमानाने मॉस्कोला गेलेला लेखक परत कुठे आला? चिरागनगरच्या झोपडीतच. पुस्तकांवर आणि सिनेमांवर इतरांना पैसे मिळाले, त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

पण चिरागनगरने त्यांना एक गोष्ट भरपूर दिली, ती म्हणजे माणसं. गारुडी, कंजारी, डोंबारी, हातभट्टीवाले, खाणीत फोडाफोडी करणारे, कामाच्या शोधात गाव सोडून आलेले. मराठी साहित्यात तोवर ही माणसं आली तर लांबून दिसायची. अण्णाभाऊंकडे ती दार उघडून आत आली, कारण दार शेजारीच होतं. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच वस्ती आहे, 'चिरागनगरची भुतं'. ज्या वस्तीचं नाव पोस्टमनही नाक मुरडून घेत असेल, तिचं नाव त्यांनी पुस्तकाच्या कव्हरवर छापलं.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी वर्गात दरवर्षी सांगायची. भीमा नावाचा तगडा गडी वारणाकाठचं गाव सोडून मुंबईला येतो. उपनगरात जंगलाच्या कडेला राहतो, दगडाच्या खाणीत काम करतो. एक दिवस खाण बंद पडते. घरात मुलगी, बायको. काम नाही. त्याला स्मशानातल्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि मग तो रात्री मसणवटीत जाऊ लागतो. पुरलेली प्रेतं उकरण्यापर्यंत मजल जाते. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि अखेर दोन बोटं गमवावी लागतात. आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ज्या हाताने डोंगर फुटायचा तो हात आता निकामी.

एका वर्षी ही कथा संपल्यावर वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की बाई, ती खाण कुठची? त्याचे आजोबा घाटकोपरच्या डोंगरावर खाणीत होते. त्याला वाटलं, ही गोष्ट आपल्याच आजोबांच्या ओळखीतल्या माणसाची असेल. मी त्याला सांगितलं की घरी जाऊन आजोबांना विचार. चार दिवसांनी तो आजोबांच्या आठवणींची दोन पानं लिहून घेऊन आला. सुरुंगाची शिट्टी, पाटीचा हिशेब, ठेकेदाराची पावती. वर्षभरात त्याने एवढं मराठी कधी लिहिलं नव्हतं.

पत्ता

आता आपल्या घरातली गोष्ट. या स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले, तेव्हा सभेत वाद झाला हे सगळ्यांना माहीत आहे. २००० साली या इमारतीच्या चाव्या मिळाल्या त्याआधीचे, म्हणजे आपल्या झोपड्यांचे फोटो छापावेत की नाही? काही सभासद म्हणाले की मुलांची लग्नं ठरतात, नवीन सभासद आलेत, बाहेरची माणसं स्मरणिका बघतील, कशाला तो चिखल दाखवायचा. मी त्यांच्यावर रागावले नाही. ऑफिसात पत्ता सांगताना फक्त बिल्डिंगचं नाव सांगून थांबणारी मुलं माझ्याही घरात आहेत. लाज ही काही आपण जन्माला घातलेली नाही, ती आपल्याला दिली गेली आहे.

पण त्या सभेनंतर मला सारखे अण्णाभाऊ आठवत राहिले. वस्तीत राहणं सोपं होतं असं त्यांनी कधीच लिहिलं नाही. दारिद्र्याचं कौतुक त्यांच्या एकाही कथेत नाही. माणसांनी असं राहू नये, हेच त्यांना म्हणायचं होतं, त्यासाठीच सगळी चळवळ. पण असं राहावं लागलेल्या माणसाला त्यांनी कमी लेखलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चिखलाचा राग यावा, चिखलातून चालत आलेल्या पायांचा येऊ नये.

आणि आपण तरी इथवर फुकट आलो का? १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा लागायचा. मतदार यादी, रेशनकार्ड, फोटोपास, लाइटबिल. कितीतरी बायकांनी हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याखाली, पिठाच्या डब्यात जपून ठेवले होते, म्हणून आज त्यांची नावं शेअर सर्टिफिकेटवर आहेत. दारावर रंगाने सर्व्हेचा नंबर पडला तो दिवस आठवतो? ७० टक्के संमती गोळा करायला आपली तरुण पोरं घरोघरी फिरत होती. मग ट्रान्झिट कॅम्पमधली वर्षं, थकलेलं भाडं, विकासकाच्या ऑफिसबाहेरच्या चपला. शेवटी २२५ चौरस फुटांचं घर. स्वतःचा नळ आणि आतलं दार असलेला संडास. माझी आई पहिल्या दिवशी तो नळ चार वेळा उघडून बघत होती.

हे फोटो छापले नाहीत तर पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवाला आपल्या नातवंडांना वाटेल की ही इमारत इथे आपोआप उगवली. शेवटी मतदान होऊन चार पानं फोटोंना दिली, त्याबद्दल समितीचे आभार. ज्यांनी विरोधात हात वर केले, त्यांनीही ती पानं एकदा शांतपणे बघावीत अशी विनंती आहे. कुणाच्याही चेहऱ्यावर लाज दिसणार नाही. कॅमेरा आला म्हणून सगळे केस विंचरून उभे आहेत.

गोरेगावचं घर

अण्णाभाऊंच्या शेवटच्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शेवटची वर्षं त्यांना वाईट गेली. तब्येत ढासळली, संसार विस्कटला, दारूने घेरलं, हात नेहमीच रिकामा. हे झाकायचं कारण नाही, आणि चघळायचंही नाही. १९६८ मध्ये सरकारकडून त्यांना गोरेगावला सिद्धार्थनगरमध्ये घर मिळालं. पक्कं घर. वाटेगावच्या वाड्यापासून सुरू झालेला प्रवास भायखळा, माटुंगा, चिरागनगर असा करत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी स्वतःच्या घरापाशी आला.

१८ जुलै १९६९ ला त्याच घरात ते गेले. पुरे एकोणपन्नासही झाले नव्हते, वाढदिवसाला चौदा दिवस होते.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. घर मिळालं याचा आनंद वाटतो, उशिरा मिळालं याचं वाईट वाटतं. आणि आणखी एक विचार येतो. चिरागनगरची झोपडी गळकी होती, पण तिच्याभोवती त्यांची माणसं होती, ज्यांच्याविषयी ते लिहायचे आणि ज्यांच्याशी ते बोलायचे. गोरेगावला भिंती पक्क्या झाल्या, पण ती माणसं तिकडे आली नाहीत. मी असं म्हणत नाही की झोपडी बरी होती. ज्यांनी पहाटे चारला उठून पाण्यासाठी रांग लावली आहे, ते असं कधी म्हणणार नाहीत. पण भिंती आणि माणसं दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी मिळणं, हे या शहरात किती थोड्यांच्या नशिबी येतं! अण्णाभाऊंना ते मिळालं नाही. आपल्याला मिळालं. ज्या शेजाऱ्यांबरोबर झोपडीत होतो, त्यांच्याचबरोबर आपण सात मजल्यांत आलो. जमीनही तीच.

ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, झोपडपट्ट्यांच्या सुधारणेचा आणि पुनर्विकासाचा कायदा झाला. २००२ मध्ये अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी चिरागनगरला स्मारक करण्याची घोषणा झाली. सन्मान सगळे झाले, म्हातारपण तेवढं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आपण एवढं करू शकतो

झोपडीत दार बंद करायची सोय नव्हती, म्हणून सगळ्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायची. कधी कधी तिचा त्रासही व्हायचा. आता प्रत्येक मजल्यावर आठ दारं आहेत आणि आठही बंद असतात. सेफ्टी डोअर, बेल, आतून टीव्हीचा आवाज. चौथ्या मजल्यावर भाड्याने आलेल्या कुटुंबाचं गाव कोणतं, हे मला दीड वर्षाने कळलं, तेही त्यांच्या आजी वारल्या तेव्हा. ते बिहारमधून आलेत, आणि आजींनी सांगितलेल्या गावच्या गोष्टी त्यांच्या सुनेच्या तोंडून ऐकताना मला वारणाकाठच आठवला. दुष्काळ, सावकार, रेल्वेचा डबा, आणि शहरात कुणीतरी ओळखीचा आहे एवढीच आशा. मुंबईला येणाऱ्याची गोष्ट तीच राहते, गाडीचं स्टेशन बदलतं.

म्हणून समितीपुढे एक सूचना ठेवते. आपल्या ऑफिसात रविवारी संध्याकाळी दोन तास ठरवू. जुन्या सभासदांनी यायचं, नव्यांनीही यायचं, भाडेकरूंनीही. प्रत्येकाने आपण मुंबईत कसे आलो आणि पहिली रात्र कुठे काढली, एवढंच सांगायचं. मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि वहीत उतरवायचं. वही मी देते, शुद्धलेखनही मी बघते. ज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे अशा सहा जणी आणि तीन जण आज आपल्यात आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू, उशीर करायला नको.

आपल्यातून अण्णाभाऊ होतील असं नाही. तशी माणसं रोज जन्माला येत नाहीत. पण त्यांच्या कथांमध्ये जी माणसं आहेत, ती आपल्या मजल्यामजल्यावर आहेत. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने त्यांची गोष्ट लिहून ठेवली. आपली मुलं तर बारावी, पदवी, कुणी इंजिनिअर झाली आहेत. त्यांना दोन पानं लिहायला काय हरकत आहे?

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पहिली बैठक १ ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी ठेवावी, अशी माझी विनंती. चहा माझ्याकडून.